फोंड्यातील रॉकेट कार्यशाळा: हिशेब चोख, खोली कोंदट

गेल्या रविवारी फोंड्यातील एका खासगी शिकवणीने घेतलेल्या दोन तासांच्या कार्यशाळेला मी मुलीसह गेलो होतो आणि दीडशे रुपये वसूल झाले. सरांनी टेबलावर उकड्या तांदळाची एक किलोची पिशवी ठेवली, ते सामानासह रिकामे रॉकेट. शेजारी सात पिशव्या रचल्या, ते इंधन. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पोहोचण्यासाठी, वाटेत गुरुत्वाकर्षण व हवेमुळे होणारी वेगाची घट धरून, सेकंदाला सुमारे ९.४ किलोमीटर वेगाची तजवीज करावी लागते आणि हायड्रोजन-ऑक्सिजन इंजिनाचा झोत जेमतेम ४.५ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो, म्हणून रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्की यांच्या १९०३ च्या रॉकेट-समीकरणातून हे प्रमाण निघते. ग्रह तेवढ्याच घनतेचा, पण दीडपट त्रिज्येचा घेतला, की लागणारा वेग दीडपटच होतो, इंधनाच्या पिशव्या मात्र बावीस होतात. (तांदूळ अपुरा पडल्याने पुढे नारळ मांडले.) तिथले रहिवासी कितीही हुशार असोत, रासायनिक इंधनावर त्यांना अवाढव्य रॉकेट बांधावे लागेल, हे मुलीला तिथेच उमगले. रिकामे झालेले भाग वाटेत टाकत जाणाऱ्या टप्प्यांच्या रॉकेटांचा विषय मात्र पाच मिनिटांत उरकला. तीस जणांना एकच पंखा होता आणि जाहिरातीत मराठी म्हटलेली टिपणे इंग्रजीत निघाली.