धंतोलीतील प्रत्यारोपण ओपीडी: समजावण्यात अव्वल, रक्त घेण्यात ढिलाई

आईने दिलेल्या मूत्रपिंडावर मी गेली तीन वर्षे जगतो आहे आणि तेव्हापासून नागपूरच्या धंतोलीतील एका खाजगी रुग्णालयाच्या प्रत्यारोपण ओपीडीत नियमित जातो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचा जन्मभराचा संबंध या ओपीडीशीच येतो, म्हणून केवळ तिच्याविषयी लिहितो.

इथले डॉक्टर प्रश्नाला बगल देत नाहीत. "माझीच किडनी माझ्याच पोराच्या पोटात, मग ती त्याच्या अंगाला परकी कशी?" असे आईने पहिल्याच भेटीत विचारले. डॉक्टरांनी केसपेपर उलटा करून त्यावर दोन रंगांच्या रेघा ओढल्या. "मावशी, पेशींवरच्या ओळखीच्या खुणा याला अर्ध्या तुमच्याकडून आल्या, अर्ध्या वडिलांकडून. तुमच्या उरलेल्या अर्ध्या खुणा याच्या पेशींवर नाहीत, म्हणून याच्या शरीराला त्या परक्या."

मग शरीराने मूत्रपिंड नाकारू नये म्हणून घ्याव्या लागणाऱ्या या गोळ्या कधी सुटणार, हा माझा प्रश्न होता. त्यावर त्यांनी ब्रिटिश शास्त्रज्ञ मेदावार आणि सहकाऱ्यांच्या 1953 मधील प्रयोगाची हकिकत सांगितली: जन्माआधीच दुसऱ्या वाणाच्या पेशी टोचलेल्या उंदरांनी मोठेपणी त्या वाणाची त्वचा कोणत्याही औषधाविना स्वीकारली, तिसऱ्या वाणाची मात्र नाकारली. वाढलेल्या माणसात अशी सहिष्णुता आणायची तर दात्याची अस्थिमज्जाही (हाडांतला मगज) सोबत द्यावी, हा त्यानंतरचा एक मार्ग. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने 2008 मध्ये अशा पाच रुग्णांचा अहवाल दिला. चौघांच्या गोळ्या बंद झाल्या. आपल्याकडे अहमदाबादला डॉ. एच. एल. त्रिवेदींनीही दात्याच्या मूलपेशी वापरून असे प्रयत्न केले. परंतु बोस्टनच्या पाचव्या रुग्णाचे मूत्रपिंड गेले, हेही डॉक्टरांनी न विचारता सांगितले आणि माझी एकही गोळी चुकता कामा नये असे बजावले. आशेचे गाजर न दाखवता एवढा वेळ देणारा डॉक्टर मला तरी दुसरीकडे भेटलेला नाही.

रक्त घेण्याच्या खिडकीविषयी मात्र तक्रार आहे. टॅक्रोलिमसची, म्हणजे याच गोळ्यांतल्या एका औषधाची, रक्तातली पातळी आदल्या गोळीनंतर बारा तासांनी आणि सकाळची गोळी घेण्याआधी तपासावी लागते. माझी रात्रीची गोळी नऊला असते. खिडकीवर वेळ साडेआठची लिहिलेली, तंत्रज्ञ दहानंतर उगवतो आणि आम्ही गोळी खिशात ठेवून बाकावर बसून राहतो. एकदा तर अकराला नमुना घेतला, कागदावर वेळ नऊचीच टाकली. उशिरामुळे पातळी कमी दिसली म्हणून मात्रा वाढवली गेली आणि पंधरा दिवसांत हाताच्या थरथरीने चहाची बशी वाजू लागली. लेखी तक्रारीनंतर सुधारणा झाली, तीही सोमवार-मंगळवारपुरती.

आहाराच्या छापील कागदावर 'लिंबूवर्गीय फळे टाळा' असे सरसकट लिहिले आहे. नागपुरात राहून मी त्यापायी एक अख्खा हंगाम संत्र्याविना काढला! पुढे समन्वयक सिस्टरांनी सांगितले की संत्री चालतात. ग्रेपफ्रूट आणि पपनस नको, कारण त्यांतील घटक आतड्यात औषध मोडणारे एन्झाइम अडवतात आणि रक्तातली पातळी भलतीच चढते. एवढी ओळ कागदावर छापायला काय हरकत आहे?

गाडी लावायला जागा नाही, ऑटोने यावे. नमुन्याच्या नळीवर खरी वेळ आपल्या डोळ्यांदेखत लिहून घ्यावी. डॉक्टरांसाठी पाच तारे, खिडकीसाठी दोन.