टाइप 89 एअरसॉफ्ट: काही महिने वापरल्यावर

टोकियो मारुई या जपानी कंपनीची इलेक्ट्रिक टाइप 89 (जपानी लष्करी रायफलीची, प्लास्टिकचे छर्रे उडवणारी खेळातली प्रतिकृती) टोकियोजवळच्या चिबातल्या एअरसॉफ्ट मैदानांवर उन्हात, चिखलात, रिमझिम पावसात वापरून झाली. आता लिहायला हरकत नाही.

भारतातल्या मित्रांचा पहिला प्रश्न ठरलेला: पॉवर किती वाढवलीस? अजिबात नाही. जपानमध्ये 2006 सालापासून 6 मिमी छर्‍यांना साधारण 0.98 जूल ऊर्जेची कायदेशीर मर्यादा आहे. 0.2 ग्रॅमचा छर्रा त्यात सेकंदाला फार तर 99 मीटर जातो. मैदानावर खेळाआधी वेग मोजतात. जास्त भरला की तुम्ही बाहेर. म्हणून इथे सगळा खटाटोप नेमासाठी.

मी हॉप-अपचं (छर्‍याला फिरकी देऊन लांब नेणार्‍या भागाचं) रबर आणि आतली नळी बदलली. मूळ नळी 6.08 मिमीची, नवी 6.03. नळी घट्ट झाली की वेगही थोडा चढू शकतो, तेव्हा आधी क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र), मग खेळ. पण खरा फरक पडला तो रबराने. पूर्वी लांबवर गेलेला छर्रा हळूच डावीकडे कलायचा. आता पांढरा ठिपका झाडीसमोरून सरळ जाताना दिसतो, शेवटी किंचित उचलतो आणि मग खाली येतो. वारा असेल तर 0.25 ग्रॅमचे छर्रे घाला. पैसे मोजकेच असतील तर फक्त रबर घ्या.

गिअरबॉक्सला, म्हणजे छर्रे उडवणार्‍या आतल्या यंत्रणेला, हात लावलेला नाही. तीन गोळ्यांच्या बर्स्टसाठी (घोडा एकदा दाबला की तीन छर्रे) तो वेगळाच बनवलाय, त्यामुळे एम4चे (अमेरिकन रायफलीच्या लोकप्रिय प्रतिकृतीचे) ढिगाने मिळणारे सुटे भाग त्यात सरसकट बसत नाहीत. ज्याला दर महिन्याला काहीतरी बदलायची खाज आहे, त्याने एम4च घ्यावी.

खर्‍या टाइप 89च्या मागे लागलो आणि खरेदीची यादी निम्मी झाली. होवा कंपनीने 1970च्या दशकात परवान्यावर एआर-180 ही अमेरिकन रायफल बनवली होती. तो अनुभव या रायफलीत उतरला. 1989 मध्ये ती जपानच्या भूदलात आली: 5.56 मिमी, 420 मिमीची नळी, वजन 3.5 किलो. निर्यात झालीच नाही, त्यामुळे जवळून बघायची तर लष्करी तळ लोकांसाठी खुला होतो त्या दिवशी. तिच्यावर रेल (दुर्बीण, दिवा बसवायची पट्टी) वगैरे काही नाही. सैनिक सुटे होऊ शकणारे भाग काळ्या टेपने गुंडाळतात, सरावात पडून हरवू नयेत म्हणून. मीही रेलचा नाद सोडून 100 येनच्या दुकानातली टेप गुंडाळली. सगळ्यात स्वस्त अपग्रेड, आणि दिसतंही अस्सल!

सिलेक्टर (एकेक की सलग मारा, हे ठरवणारा खटका) मात्र डोकेदुखी. तो उजव्या बाजूला, म्हणजे फिरवायला पकड सोडावी लागते. 2004 मध्ये इराकला गेलेल्या तुकड्यांच्या रायफलींना डावीकडेही सिलेक्टर बसवला होता, तेव्हा तक्रार माझ्या एकट्याची नाही. बायपॉड (नळीखालचे दोन टेकू) काढून कपाटात टाकलाय. झाडीत पळताना तो फक्त फांद्यांत अडकतो.