सर्व्हो मोटरची शिलाई मशीन: युनिफॉर्मचा एक हंगाम चालवल्यावर

आम्ही सोलापुरात घरी बसून शाळेचे शर्ट-पँट शिवून देतो. डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे पट्ट्याशिवाय सर्व्हो मोटर थेट मशीनलाच जोडलेली, एका सुईची ही मशीन दिवाळीच्या सुमारास घेतली आणि शाळा उघडायच्या आधीचा सगळा हंगाम तिच्यावर काढला. टेरिकॉटवर टाका एकसारखा पडतो. जुनी क्लच मोटर बटण दाबलं की शिवा अगर नका शिवू, घरघरत वीज खात राहायची. ही पेडलवर पाय पडला तरच फिरते, त्यामुळे बिल कमी येतं आणि रात्री शिवलं तरी मुलांची झोप मोडत नाही.

पण योग्य मशीन घरी आली ती विकणाऱ्यामुळे, आणि त्यावरच मला जास्त लिहायचं आहे.

पहिल्या दुकानात सासूबाई सोबत होत्या. आयुष्यभर विड्या वळून बोटं काळवंडलेली, लुगडं विरलेलं, मराठी तोडकं. काउंटरवरच्या पोराने एकदा पाहिलं आणि दाराजवळच्या पायमशीनकडे हात केला. "मावशी, तू ती बघ. आतल्या महाग आहेत." काय शिवता, दिवसाला किती नग, काही विचारलं नाही. सासूबाई तिथूनच मागे फिरल्या.

दुसऱ्या दुकानात आधी खुर्ची मिळाली, मग प्रश्न. कापड कुठलं? घरी व्होल्टेज पडतं का? चालवणार कोण? सासूबाईही बसणार म्हटल्यावर विक्रेत्याने कंट्रोल बॉक्सवर वेग उतरवला आणि, "अम्मा, तुम्ही बसून बघा," म्हणत त्यांच्या हाती चिंधी दिली. मिनिटाला ५००० टाक्यांपर्यंत जाणारी मशीन त्यांनी न घाबरता चालवली. आपोआप धागा कापणारं मॉडेल मी विचारलं, तर म्हणाला, "ताई, घरच्या कामात त्याचे पैसे वसूल व्हायचे नाहीत." हप्त्यावर घेणार हे कळल्यावरही त्याचं बोलणं बदललं नाही.

मला हेच सगळ्यात मोठं वाटतं. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकातल्या तुमकूरला पिकअप घ्यायला गेलेल्या शेतकऱ्याला, खिशात १० रुपये तरी आहेत का, असं शोरूममध्ये हिणवलं गेलं. त्याने तासाभरात १० लाख आणून दाखवले. बातमी देशभर फिरली, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण ज्याच्याकडे आणून दाखवायला पैसे नाहीत त्याचं काय? सासूबाईंच्या पिशवीत नोटांची गड्डी नव्हती. तरी ती खुर्ची त्यांच्या हक्काचीच होती.

उणिवाही सांगते. टेबल मोठं, अर्धी खोली अडते. पँटच्या कंबरपट्टीवर १४ नंबरची सुई तुटते, १६ लावा. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की कंट्रोल बॉक्स एरर दाखवून थांबतो, स्टॅबिलायझरचा खर्च धरूनच चला. तळाच्या ट्रेमधलं तेल कमी होऊ देऊ नका.

मध्ये खालचा धागा गुंतायला लागला तेव्हा सासूबाईंनीच दुकानात फोन लावला. त्याने तेलुगू बोलणारा मेकॅनिक पाठवला. बॉबिन केस कशी साफ करायची हे त्यांच्याकडून दोनदा करून घेऊनच तो गेला.