चिलर बदलायचा, की आधी आहे ती यंत्रणा ताळ्यावर आणायची?

कार्यालय, मॉल, रुग्णालय, हॉटेल, इमारत कोणतीही असो. मध्यवर्ती वातानुकूलन असेल आणि वीजबिलाचा विषय निघाला, की टेबलावर दोन प्रस्ताव येतात. एक म्हणतो, चिलर (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारं मुख्य यंत्र) जुना झाला, बदला. दुसरा म्हणतो, यंत्र राहू द्या. वेळापत्रक, सेन्सर, व्हॉल्व्ह आणि सेटपॉइंट (यंत्रणेला नेमून दिलेलं तापमान किंवा दाब) दुरुस्त करा. या दुसऱ्या कामाला रिट्रो-कमिशनिंग म्हणतात. पहिला प्रस्ताव भारदस्त दिसतो, दुसरा किरकोळ. तरीही बहुतेक इमारतींत किरकोळ दिसणारं काम आधी व्हायला हवं, आणि त्याचं कारण साध्या हिशोबात आहे.

उदाहरणादाखल 300 टनांचा चिलर घेऊ. इथे टन हे वजनाचं नव्हे, थंडाव्याचं माप. सरासरी भार 180 टन, वर्षाला 3000 तास, म्हणजे 5,40,000 टन-तास. मोजल्यावर तो टनामागे 0.85 किलोवॅट घेतो असं निघालं, तर वर्षाचा खप 4,59,000 युनिट. त्याच्या जागी 0.58चा नवा बसवला तर खप 3,13,200वर येतो आणि 1,45,800 युनिट वाचतात. विक्रेत्याच्या प्रस्तावात हाच आकडा असतो, आणि तो खोटाही नसतो.

आता क्रम उलटा करा. रिकाम्या मजल्यांवर चालणारे एएचयू (हवा थंड करून खोल्यांत सोडणारे पंखे-संच) बंद झाले, गळके व्हॉल्व्ह बदलले, आणि टन-तास पाचव्या हिश्शाने घटून 4,32,000 झाले. चिलरमधल्या पाण्याच्या नळ्या, म्हणजे ट्यूब, साफ केल्याने आणि सेटपॉइंट सुधारल्याने जुनाच चिलर 0.76वर आला. खप 3,28,320. नवं यंत्र न आणता 1,30,680 युनिट वाचले. यानंतर नवा चिलर आणलात तर त्याच्या वाट्याला 77,760 युनिट उरतात, मूळ दाव्याच्या जेमतेम निम्मे. दोन्ही मिळून बचत 2,08,440ची, दोन प्रस्तावांची सरळ बेरीज मात्र 2,76,480. अशी बेरीज करून मंजुरी मागणारा अहवाल आल्या पावली परत पाठवावा. शिवाय कमाल भारही उतरला असेल तर 300 टनांची गरजच उरत नाही, आणि हे नवा चिलर बसल्यावर कळून काही उपयोग नसतो.

| | यंत्रणा सुधारणं | चिलर बदलणं |
|---|---|---|
| खर्च कशाचा | तंत्रज्ञांचे तास, सेन्सर, ॲक्चुएटर (व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या मोटरी), थोडे व्हॉल्व्ह | यंत्र, क्रेन, पाइप आणि पॅनलमधले बदल |
| परतफेड | बहुधा लवकर | चालण्याचे तास भरपूर असतील तरच लवकर |
| बंद किती ठेवावं लागतं | काही तास, तेही रात्री उरकतात | काही दिवस ते काही आठवडे |
| बचत टिकते का | लक्ष सुटलं की विरते | ट्यूब आणि पाणी सांभाळलं तर टिकते |
| मोठा धोका | कुणीतरी स्वयंचलित नियंत्रण बंद करून पुन्हा ‘मॅन्युअल’वर टाकतो | जुन्याच चुका घेऊन जास्त क्षमतेचं यंत्र येतं |

अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये नव्या-जुन्या 643 इमारतींचा आढावा घेतला. त्यात जुन्या इमारतींच्या कमिशनिंगमधून निघालेली मध्यक बचत 16 टक्के होती, आणि परतफेड 1.1 वर्षांत.

निर्णयाआधीचं मोजमाप

सुरुवात वीजमीटरच्या पंधरा किंवा तीस मिनिटांच्या नोंदींपासून करा. कार्यालयाच्या इमारतीत मध्यरात्रीचा भार दुपारच्या भाराच्या एक तृतीयांशाहून जास्त दिसला, तर घोळ चिलरच्या कार्यक्षमतेत शोधण्याआधी वेळापत्रकात शोधावा. रुग्णालयाला किंवा मोठी सर्व्हर रूम असलेल्या इमारतीला हा निकष लागू नाही.

मग चिलरकडे वळा. नेमप्लेटवरचा आकडा बाजूला ठेवा, कारण तो कारखान्यातल्या पूर्ण भाराचा असतो. जागेवरचं सूत्र सोपं आहे: पाण्याचा प्रवाह (घनमीटर प्रति तास) गुणिले जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक, भागिले 3.024, की आले टन. प्रवाह 160 आणि फरक 3.4 अंश असेल तर सुमारे 180 टन. त्या वेळी कॉम्प्रेसर 153 किलोवॅट घेत असेल तर टनामागे 0.85.

गडबड होते ती याच फरकात. एक सेन्सर 0.3 अंश जास्त आणि दुसरा तितकाच कमी दाखवत असेल, तर 3.4चे 4.0 होतात. टन 180वरून 212वर जातात आणि 0.85चा चिलर कागदावर 0.72चा दिसतो. तेवढ्यावरून ‘चिलर उत्तम आहे’ असा निष्कर्ष निघू शकतो, आणि चूक उलट्या दिशेने असेल तर चांगल्या यंत्रावर निकामीचा शिक्का बसतो. म्हणून मोजणीआधी दोन्ही सेन्सर एकाच पाण्याच्या भांड्यात बुडवून त्यांचं वाचन जुळवून घ्यावं. बाहेरून बांधायच्या अल्ट्रासॉनिक फ्लोमीटरला प्रवाहाच्या वरच्या बाजूला व्यासाच्या दहापट आणि खाली पाचपट सरळ पाइप हवा. एल्बोला चिकटून घेतलेलं वाचन धरू नये. वीज मोजायला तीन फेजचा पॉवर ॲनालायझर लावा. क्लॅम्प मीटरच्या अँपिअरला व्होल्टेजने गुणलं की केव्हीए येतात, किलोवॅट नव्हे.

कंडेन्सरमधल्या (चिलरच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागातल्या) रेफ्रिजरंटचं, म्हणजे थंडावा देणाऱ्या वायूचं, संपृक्त तापमान आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान यांतलं अंतर, म्हणजे ॲप्रोच, हेही नोंदवा. साफ ट्यूबमध्ये ते साधारण एक-दोन अंश असतं. तीनच्या वर गेलं असेल तर आधी ट्यूब घासून घ्या, चिलरचा निवाडा त्यानंतर.

सुधारणेत नेमकं काय सापडतं

सर्वांत आधी बीएमएसमध्ये (इमारतीच्या संगणकीय नियंत्रण यंत्रणेत) किती पॉइंट ‘मॅन्युअल’वर आहेत ते मोजा. कधीतरी एखाद्या तक्रारीपायी कुणी पंखा सतत चालू ठेवलेला असतो. तक्रार करणारा नोकरी सोडून गेला, पंखा फिरतोच आहे.

गळका व्हॉल्व्ह ओळखायला महागडं उपकरण लागत नाही. एएचयूचा पंखा चालू ठेवून थंड पाण्याचा व्हॉल्व्ह शून्य टक्क्यांवर आणा, वीस मिनिटं थांबा आणि कॉइलच्या (थंड पाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या) आधीचं व नंतरचं हवेचं तापमान घ्या. कॉइलनंतरची हवा अजून दोन-तीन अंश थंड लागत असेल तर पाणी आतून वाहतंय. ताज्या हवेच्या डॅम्परचं (झडपेचं) स्क्रीनवरचं वाचन प्रमाण मानू नका. पाती फिरवणारा जोडदांडा, म्हणजे लिंकेज, सैल झालं की पडद्यावर 20 टक्के दिसतात आणि पाती पूर्ण उघडी असतात. पॅनल उघडून डोळ्यांनी बघा.

थंड पाण्याचा सेटपॉइंट 7 अंशांवरून एक अंश वर नेला तर चिलरची वीज ढोबळमानाने 2 ते 3 टक्के घटते. पण दमट हवेत हा उपाय अंगाशी येतो. पाणी पुरेसं थंड नसेल तर कॉइल हवेतली ओल काढत नाही, लोक थर्मोस्टॅट खाली ओढतात आणि वाचलेली वीज परत जाते. एएचयूंच्या पंख्यांचा वेग भाराप्रमाणे बदलत असेल तर त्यांचा वाढलेला खपही सोबत मोजावा.

पंप आणि पंख्यांना व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) लावणं हा मधला मार्ग. वेग 50 हर्ट्झवरून 40वर आणला की सिद्धांताप्रमाणे वीज निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते. प्रत्यक्षात दाबाचा सेटपॉइंट स्थिर ठेवल्यामुळे यातला बराच भाग हाती लागत नाही. दाबफरकाचा सेन्सर पंपाशेजारी न लावता लाइनच्या लांबच्या टोकाला लावा, आणि पंपापुढे अर्धवट बंद करून ठेवलेला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. कॉइलवर तीन-तोंडी व्हॉल्व्ह असतील तर आधी ते दोन-तोंडी करा. नाहीतर नको असलेलं पाणी बायपासमधून फिरत राहील आणि व्हीएफडी पूर्ण वेगातच अडकेल.

चिलर खरंच कधी बदलावा

गळतीमुळे दरवर्षी रेफ्रिजरंट भरावा लागतो, बऱ्याच ट्यूब बुजवल्या आहेत, किंवा भार इतका उतरलाय की चिलर सतत चालू-बंद होतो, असं असेल तर नुसत्या सुधारणेवर वेळ घालवू नये. रेफ्रिजरंट कोणता, हा प्रश्नही निर्णायक ठरतो. आर-22 माँट्रिऑल करारामुळे बाद होत गेला. आर-134ए 2016च्या किगाली दुरुस्तीप्रमाणे टप्प्याटप्प्याने कमी करायच्या वायूंत मोडतो. वीस वर्षं टिकणारं यंत्र घेताना त्याचा वायू तितकी वर्षं मिळेल का, ते विचारून घ्या.

दोन नव्या चिलरची तुलना पूर्ण भारावर करू नका. आयपीएलव्ही या, वेगवेगळ्या भारांवरच्या कार्यक्षमतेची वजनी सरासरी देणाऱ्या आकड्यात 100 टक्के भाराला फक्त 1 टक्का वजन आहे. 75, 50 आणि 25 टक्के भारांना अनुक्रमे 42, 45 आणि 12. मात्र भार कमी होताना कंडेन्सरचं पाणीही थंड होत जातं, हे त्यात गृहीत आहे. बाराही महिने उष्ण आणि दमट असलेल्या हवेत कूलिंग टॉवर (कंडेन्सरचं पाणी थंड करणारा मनोरा) तितकं थंड पाणी देऊ शकत नाही. त्यामुळे विक्रेत्याला तुमचे तासवार भार आणि तुमच्या टॉवरचं पाणी धरून आकडे मागा. एका मोठ्या चिलरऐवजी दोन असमान क्षमतेचे घेतले तर रात्रीचा भार लहानग्यावर निभतो.

यासाठी किती खोल तपासणी करून घ्यायची? वातानुकूलन अभियंत्यांच्या ॲशरे या अमेरिकी संस्थेच्या 211 क्रमांकाच्या मानकात एकापेक्षा एक खोल अशा तीन पातळ्या आहेत. पहिली म्हणजे फेरफटका आणि बिलांचा अभ्यास. यंत्रणा सुधारण्यासाठी सहसा दुसरी पुरते. चिलरसाठी तिसरी घ्यावी, आणि भाराची नोंद उन्हाळ्याच्या एका आठवड्यापुरती न ठेवता वेगवेगळ्या ऋतूंतली घ्यावी.

बचत सिद्ध कशी करणार, हे काम सुरू होण्याआधी ठरवा. किमान बारा महिन्यांचा आधारखप हवामानाशी जोडून ठेवा. संपूर्ण इमारतीच्या बिलावरून बचत मोजायची तर ती 10 टक्क्यांहून जास्त असायला हवी, त्याहून लहान बदल बिलाच्या चढ-उतारात हरवतो. चिलरसाठी त्याचा स्वतंत्र वीजमीटर आणि टन मोजायची सोय लागते. कंत्राटात जागेवरच्या तीन भारांवरची चाचणी लिहून घ्या, आणि पाइप कापलेले असतानाच थर्मोवेल (तापमानाचा सेन्सर घालायची नळी) आणि कायमचा फ्लोमीटर बसवून घ्या. नंतर बसवायचं म्हटलं तर सगळं पाणी काढून यंत्रणा पुन्हा बंद ठेवावी लागते.