घरात एक बाईक, एक स्कूटर: ऑइल एकच आणावं का?

स्प्लेंडर आणि ॲक्टिव्हा, दोन्हींच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं. मग दोन्हींत एकच ऑइल ओतलं तर काय बिघडलं? बाटलीवरचा हा आकडा फक्त जाडी-पातळपणा सांगतो. शेवटचं ‘३०’ म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ऑइलचा घट्टपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या (घट्टपणा मोजायचं एकक) दरम्यान. खरा फरक त्याच्या बाजूला, बारीक अक्षरात असतो: जासो (जपानी वाहन-मानक संस्था) एमए२ की एमबी.

बाईकचं इंजिन, गिअर आणि क्लच प्लेटा एकाच ऑइलमध्ये भिजलेल्या असतात. प्लेटांना पकड हवी, म्हणून एमए२ मुद्दाम जास्त घर्षण राखतं. स्कूटरचा क्लच कोरडा, मागच्या चाकापाशी. त्याला इंजिन ऑइल लागतच नाही. तिथे घर्षण जितकं कमी तितकं बरं, म्हणून एमबी.

त्यामुळे ही अदलाबदल एकाच दिशेने चालते. एमए२ स्कूटरमध्ये पडलं तर मायलेजमध्ये थोडा फरक पडेल, इंजिनाला इजा नाही. एमबी बाईकमध्ये टाकलं की क्लच घसरण्याची भीती: चढावर रेस वाढते, गाडी ओढत नाही, आणि माणूस धडधाकट क्लच प्लेटा बदलत बसतो. एमए, एमए१, एमए२ यांचा गोंधळ नको. एमए हा घर्षणाचा मोठा पट्टा आहे, त्याचा वरचा भाग एमए२ आणि खालचा एमए१. पुस्तिकेत एमए असेल तर एमए२ बिनधास्त घ्या.

बाटलीवरची एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) दर्जाची अक्षरं सोपी. एसएल २००१ चं, एसएन २०१० चं. नवं जुन्याच्या जागी चालतं. मात्र हे मोजमाप कारच्या पेट्रोल इंजिनासाठी आहे, ओल्या क्लचची चाचणी त्यात नाही. म्हणून कारचं १०डब्ल्यू-३० एसएन ऑइल ‘ग्रेड वरचा आहे’ म्हणून बाईकमध्ये ओतू नका. कारच्या पातळ ऑइलमध्ये पेट्रोल वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी रसायनं सर्रास असतात.

‘आपल्याकडे ऊन फार, २०डब्ल्यू-५० टाका’ हा गॅरेजमधला सल्लाही मला पटत नाही. इंजिनातल्या फटी आणि ऑइल पंप कंपनीने ठरवलेल्या जाडीला जुळवलेले असतात. बुलेटला १५डब्ल्यू-५० सांगितलंय, तिला तेच द्या. स्प्लेंडरला ते नको.

एकच बाटली ठेवायची असेल तर १०डब्ल्यू-३०, एसएल किंवा वरचं, एमए२. स्कूटर रोज पन्नास-साठ किलोमीटर पळत असेल तर मात्र तिच्यासाठी एमबी वेगळं आणा.