डोंगराळ किनारा आणि स्टीलची टूरिंग सायकल: सात महिने, ३,४०० किलोमीटरनंतर

ही सायकल मी एकाच कामासाठी घेतली: सामान लादून समुद्राच्या कडेकडेने लांबवर जायचं. क्रोमोली स्टीलची फ्रेम, पुढे ४८-३६-२६ दातांची तीन चक्रं, मागे ११ ते ३४ दातांची नऊ गिअरची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच), ३६ आऱ्यांची चाकं, ४० मिलिमीटरचे टायर, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. सायकल चौदा किलोची, वर अठरा किलो सामान. सात महिन्यांत २२ दिवसांची एक सलग सफर झाली, दोन छोट्या झाल्या, आणि मधल्या काळात रोजचा सराव याच सायकलवर केला.

नकाशावर रस्त्याशेजारी निळी रेघ दिसली की वाट सपाट असेल असं वाटतं. डोंगर थेट समुद्रात उतरतात तिथे नेमकं उलटं असतं. प्रत्येक नदीच्या, ओढ्याच्या मुखाशी रस्ता पाण्यापर्यंत खाली येतो, पूल ओलांडतो आणि लगेच पुढच्या टेकाडावर चढायला लागतो. एकेक चढ ऐंशी-शंभर मीटरचाच, पण असे दिवसात दहा-बारा. म्हणजे समुद्रसपाटी न सोडता हजारेक मीटरची चढाई होते. मोठ्या घाटात एकदा लय सापडली की तासभर टिकते. इथे लय लागते न लागते तोच उतार सुरू. आणि उतारावर मिळवलेला वेग पुढच्या चढाला कामी येत नाही, कारण तळाशी बहुतेकदा वळण आणि अरुंद पूल असतो. तिथे ब्रेक दाबावाच लागतो.

म्हणून या सायकलमध्ये मला सगळ्यात मोलाचा वाटला तो तिचा सर्वांत हलका गिअर. पुढे २६, मागे ३४ दाते असताना पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम १.७ मीटर सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले तर वेग ताशी सहा किलोमीटर. मी, सायकल आणि सामान मिळून नव्वद किलो धरले, तर आठ टक्के चढावर एवढं वजन या वेगाने वर न्यायला साधारण १२० वॅट लागतात. माझ्या आधीच्या सायकलला पुढचं लहान चक्रच ३४ दातांचं होतं. तिच्यावर साठ फेरे ठेवायचे तर ताशी आठ किलोमीटरने चढावं लागे, म्हणजे १५५ वॅट. एका चढावर हा फरक जाणवत नाही. दिवसातल्या नवव्या चढावर गुडघ्याच्या वाटीखाली ठणका लागला की कळतो. नव्या सायकलवर तो ठणका एकदाही लागला नाही. हलका गिअर म्हणजे कच्च्या पायांची सोय, हा समज जुना आहे. टूर द फ्रान्स या शर्यतीत १९३७ पर्यंत डिरेलर गिअरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला, मनाई होती. ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारे पॉल द विव्ही मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून सफरी करणाऱ्यांसाठी गिअरचा हिरिरीने पुरस्कार करत होते. मी मनापासून त्यांच्या बाजूची आहे.

आता मिठाबद्दल. चौथ्या महिन्यात सीट पाच मिलिमीटर खाली घ्यायची होती. क्लँप सैल केला, सीट पिळली, पण ती जागची हलेना. फ्रेम स्टीलची, सीटपोस्ट (सीटखालची फ्रेममध्ये जाणारी नळी) ॲल्युमिनियमचा, आणि मध्ये खारी ओल. दोन वेगळे धातू आणि मिठाचं पाणी एकत्र आलं की छोटी बॅटरीच तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची फुगलेली भुकटी दोन्ही नळ्या घट्ट धरून ठेवते. दोन रात्री गंज सोडवणारं तेल मुरवलं, मग सीट दोन्ही हातांनी धरून केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे. ‘कट्’ असा आवाज आला आणि पोस्ट फिरला. बाहेर काढला तर खालच्या अर्ध्या भागावर पिठासारखा पांढरा थर, ग्रीसचा मागमूस नाही. सायकल जोडणाऱ्याने ते लावलंच नव्हतं, याचा मला अजून राग आहे. आता दर महिन्याला पोस्ट काढून पुसते आणि ग्रीस लावून बसवते. पायडलचे आटे आणि बाटलीच्या स्टँडचे स्क्रूसुद्धा. समुद्राजवळ सायकल चालवणार असाल तर पहिल्याच दिवशी हे करून घ्या.

चेनचंही तसंच. मुक्कामाला पोचल्यावर बाटलीभर गोडं पाणी, कोरडं फडकं, मग तेल. एवढं करूनही पहिली चेन २,१०० किलोमीटरला बदलली. नव्या चेनच्या २४ कड्या ३०४.८ मिलिमीटर भरतात. माझ्या ३०७ भरल्या. याहून ताणली असती तर कॅसेटचे दातेही खाल्ले असते.

ब्रेकवर मी फारशी खूश नाही. थांबतात चांगले, पण या जातीच्या कॅलिपरमध्ये (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या चिमट्यात) एकच पॅड सरकतो; दुसरा झिजेल तसा किल्लीने पुढे घ्यावा लागतो. पावसाच्या एका आठवड्यात रेझिनचे पॅड संपले, तेव्हापासून धातूमिश्रित वापरते. आवाज करतात, पण टिकतात. उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका, डिस्क फार तापते. वळणाआधी नीट दाबा, मग सोडून द्या.

वाऱ्याने एक गोष्ट शिकवली. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि तो बाजूने पुढच्या पॅनियरना, म्हणजे चाकाशेजारी टांगलेल्या सामानाच्या पिशव्यांना, धरतो. पिशव्या कॅरिअरवर उंच बांधल्या होत्या तेव्हा हँडल हातातून ओढलं जायचं. अगदी चाकाच्या आसाजवळ खाली आणल्यावर सायकल शांत झाली. आता पहाटेच निघते, वारा अंगावर येण्याआधी अर्ध्याहून जास्त अंतर संपतं.

टायर उत्तम, एवढ्या अंतरात दोनच पंक्चर. सीट बदलावी लागली, पण ती ज्याच्या त्याच्या हाडांवर अवलंबून.

पुढच्या सफरीआधी एकच बदल करणार आहे. पुढचं २६ दातांचं चक्र काढून २४ चं बसवायचं. बारा टक्क्यांचा एक चढ आहे, पुलावरून सरळ वर जाणारा. तिथे मला दोन्ही वेळा उतरून सायकल ढकलावी लागली होती.