लेड झेपलिनच्या पहिल्या चार तबकड्या : आठ महिने ऐकल्यानंतर

लेड झेपलिन या चौघांच्या इंग्रजी रॉक बँडचे सुरुवातीचे अल्बम त्यांचा गिटारवादक जिमी पेज याच्या देखरेखीखाली २०१४ साली नव्याने मास्टर होऊन, म्हणजे मूळ मुद्रणांचा आवाज पुन्हा नीट बसवून, बाजारात आले. त्यांपैकी पहिल्या चारांच्या १८० ग्रॅमच्या तबकड्या मी दिवाळीनंतर घेतल्या आणि तेव्हापासून आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी त्या नियमाने लावत आलो आहे.

१९६९च्या जानेवारीत आलेल्या पहिल्या अल्बमचे ध्वनिमुद्रण लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत सुमारे छत्तीस तासांत उरकले होते, हे ऐकताना पटते, कारण चौघेही एकाच खोलीत समोरासमोर उभे आहेत असा भास होतो. त्याच वर्षी दौऱ्यांच्या धावपळीत निरनिराळ्या स्टुडिओंत तयार झालेला दुसरा अल्बम मला पूर्वीपासून पाठ होता; त्यामुळे आवाज अधिक स्वच्छ झाला आहे, यापलीकडे त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही.

माझे मत बदलले ते तिसऱ्या अल्बमबाबत. पहिल्याच आठवड्यात त्याच्या पहिल्या बाजूवरील चौथ्या गाण्यात, ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’मध्ये, ड्रमच्या ठोक्यांबरोबर बारीक कुरकुर ऐकू येऊ लागली. दोष माझ्या टर्नटेबलचाच असणार असे गृहीत धरून मी पट्टा बदलला, सुईचा भार पुन्हा तपासला, तरी कुरकुर जाईना. शेवटी एका मित्राकडची जुनी सीडी लावली तर तिच्यातही तीच कुरकुर! ती निघाली बँडचा ड्रमवादक जॉन बोनम याच्या बास ड्रमच्या पेडलची, १९७० साली मूळ फितीवरच उतरलेली. पट्ट्याचे पैसे वाया गेले खरे, पण आता तो आवाज आला नाही तर मला चुकल्यासारखे होईल. वेल्समधील वीज नसलेल्या एका झोपडीवजा घरात पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी ज्या गाण्यांची जुळवाजुळव केली, ती बरीचशी दुसऱ्या बाजूवर आहेत. या सौम्य गाण्यांमुळे त्या काळी अनेक समीक्षकांनी नाके मुरडली होती आणि मीही वर्षानुवर्षे ती बाजू टाळत आलो होतो. आज सर्वांत जास्त वाजते ती हीच. कव्हरमधले फिरते चक्र मात्र पावसाळ्यात दमट हवेने फुगून अडकते, म्हणून जून-जुलैत ते न फिरवलेलेच बरे.

चौथ्या अल्बममधील शेवटचे गाणे ही ड्रमच्या ध्वनिमुद्रणाची शिकवणीच आहे. हेडली ग्रेंज या जुन्या वाड्याच्या प्रवेशदालनात ड्रम ठेवून अभियंता अँडी जॉन्सने वर जिन्यात दोन मायक्रोफोन टांगले होते, आणि उंच छताला आदळून परतणारा तो आवाज माझ्या साध्या स्पीकरांतूनही भिंतीला हादरे देतो. खालच्या मजल्यावरील काकांनी याबाबत दोनदा सौम्य शब्दांत विचारणा केली आहे, त्यामुळे हे गाणे आता मी रात्री आठनंतर लावत नाही.

एक रुखरुख आहे. १९७२ साली पेज आणि प्लांट मुंबईत आले असता त्यांनी इथल्या वादकांना घेऊन तिसऱ्या आणि चौथ्या अल्बममधील एकेक गाणे नव्याने ध्वनिमुद्रित केले होते. ती दोन्ही मुद्रणे त्या अल्बमांसोबत निघालेल्या जादा मुद्रणांच्या जोडतबकड्यांत नाहीत, ‘कोडा’ या बँडच्या नंतरच्या अल्बमच्या २०१५ साली निघालेल्या विस्तारित आवृत्तीत आहेत. तिसऱ्या अल्बममधले ‘फ्रेंड्स’ आता इतके अंगवळणी पडले आहे की मुंबईच्या तबल्यासह ते कसे वाजते, हे ऐकण्यापुरता तो अख्खा संच विकत घ्यावा की काय, असा विचार रोज एकदा तरी मनात येऊन जातो.